चित्रकथाकारांचे श्रेय आणि स्वामित्व : अमेरिका व मुंबई-पुणे येथील व्यवसायाचा तौलनिक विचार

१

चित्रकथेच्या इतिहासलेखनात आजवर दोन विषयांस प्राधान्य मिळत आले आहे. पहिला विषय नायकांच्या परंपरेचा आणि दुसरा प्रकाशनसंस्थांच्या वाढीचा. सुपरमॅन केव्हा अवतरला, ‘अमर चित्र कथा’ या मालेच्या किती पुस्तिका निघाल्या, त्यांतून राष्ट्राची किंवा धर्माची कोणती प्रतिमा उभी राहिली, या प्रश्नांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या हातांनी ही पाने रेखाटली व ज्या लेखण्यांनी त्यांची संहिता सिद्ध केली, त्यांच्या व्यावसायिक जीवनाचा विचार मात्र आनुषंगिक म्हणूनच होत राहिला. हा विचार करू जाता तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या कराव्या लागतात. कृती प्रत्यक्ष निर्माण करणे हे कर्तृत्व, त्या निर्मितीबद्दल नाव जाहीर होणे हे श्रेय, आणि कृतीच्या पुनर्मुद्रणाचा व उत्पन्नाचा अधिकार हे स्वामित्व होय. चित्रकथेच्या व्यवसायात या तीन गोष्टी एका व्यक्तीच्या ठायी क्वचितच एकत्र आल्या.

अमेरिकेत हा वियोग उघड संघर्षास कारण झाला, आणि त्या संघर्षाचा इतिहास हाच तेथील चित्रकथाकारांच्या चरित्रांचा कणा ठरला. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई व पुणे येथे, असाच वियोग घडूनही संघर्ष दिसत नाही. तो का दिसत नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. येथील प्रकाशक उदार होते किंवा येथील कलावंत निरिच्छ होते, अशी उत्तरे सोयीची असली तरी त्यांनी इतिहासाची उकल होत नाही. खरे कारण चित्रित केलेल्या नायकांच्या स्वरूपात आहे, असे पुराव्यांवरून दिसते.

२

अमेरिकन चित्रपुस्तिकेचा व्यवसाय १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क येथे उभा राहिला. वृत्तपत्रांतील चित्रमालिका त्यापूर्वीच लोकप्रिय होत्या. पण स्वतंत्र पुस्तिकेस नवीन मजकूर फार मोठ्या प्रमाणात व फार थोड्या वेळात लागू लागला. ही गरज भागविण्यासाठी चित्रशाळा निघाल्या. विल आयस्नर व जेरी आयगर यांनी १९३६ साली काढलेली चित्रशाळा त्यांपैकी प्रसिद्ध होय. एकाने पेन्सिलीचे रेखाटन करावे, दुसऱ्याने त्यावर शाई फिरवावी, तिसऱ्याने फुग्यांतील अक्षरे लिहावीत, अशी कामाची विभागणी तेथे रूढ झाली. तयार पान प्रकाशकास विकले जाई. या रचनेत कलावंत हा कारागीर ठरला, आणि कारागिराचे नाव मालावर असण्याची अपेक्षा सहसा कोणी करीत नाही.

जेरी सीगल व जो शूस्टर या दोघा तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनची पहिली कथा व तीबरोबर त्या पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरांस विकले. पात्र अल्पावधीतच अमाप धन मिळवू लागले. निर्माते मात्र पानांच्या मजुरीवर राहिले. १९४७ साली त्यांनी न्यायालयात दावा लावला, दुसऱ्या वर्षी तडजोड झाली, आणि पुढे त्यांची नावेही कथांवरून नाहीशी झाली. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याच्या वेळी हा विषय वृत्तपत्रांतून पुन्हा गाजला. जेरी रॉबिन्सन, नील ॲडम्स आदी समव्यावसायिकांनी पाठपुरावा केला, तेव्हा वॉर्नर कंपनीने उभयतांस प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलरांचे निर्वाहवेतन देण्याचे व त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. या तडजोडीत स्वामित्व मिळाले नाही; श्रेय तेवढे परत आले.

बॅटमॅनचा लेखक बिल फिंगर याची कथा अधिक खेदजनक आहे. पात्राच्या जडणघडणीत त्याचा वाटा मोठा असूनही १९३९ पासून केवळ बॉब केन याचेच नाव निर्माता म्हणून छापले जात असे. फिंगर १९७४ साली वारला, आणि अधिकृत नामनिर्देश त्याच्या वाट्यास २०१५ साली आला. डोनाल्ड डकच्या चित्रपुस्तिका १९४२ पासून सुमारे पाव शतक लिहिणारा व रेखाटणारा कार्ल बार्क्स निनावीच राहिला. १९६० च्या सुमारास काही चिकित्सक वाचकांनी त्याचा शोध लावला, तोही रेषेच्या वळणावरून. नाव छापलेले नसतानाही वाचकांना हात ओळखू येत होता, ही गोष्ट संशोधकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जॅक कर्बी याच्या उदाहरणात हा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा झाला. जो सायमनसह १९४१ साली ‘कॅप्टन अमेरिका’ आणि स्टॅन ली याच्यासह १९६१ साली ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या कृती त्याने उभ्या केल्या. मार्व्हल संस्थेत त्या काळी रूढ असलेल्या पद्धतीनुसार लेखक कथेचा सारांश सांगे, चित्रकार पाने रेखाटी, आणि संवाद त्यानंतर लिहिले जात. साहजिकच कथेची मांडणी, प्रसंगांचा क्रम, कित्येकदा नवी पात्रे देखील चित्रकाराकडून येत. अशा वेळी ‘लेखक’ कोणास म्हणावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. कर्बीस आपली मूळ रेखाटने परत मिळविण्यासाठी झगडावे लागले. १९८७ साली सुमारे २,००० पाने परत आली. त्याने काढलेल्या पानांच्या मानाने ही संख्या अल्पच होती. त्याच्या वारसांनी चालविलेला हक्कांचा वाद २०१४ साली तडजोडीने मिटला.

या परंपरेत एक अपवाद ठळक आहे. विल आयस्नर याने १९४० साली ‘द स्पिरिट’ ही माला सुरू करताना पात्राचे स्वामित्व करारानेच आपल्याकडे राखले. चित्रशाळेचा चालक असल्यामुळे त्यास व्यवहाराची दुसरी बाजू ठाऊक होती. या अपवादावरून हे सिद्ध होते की, कलावंताचे स्वामित्व हिरावले जाणे हा काही निसर्गनियम नव्हता. कराराचे ज्ञान व वाटाघाटीची ताकद ज्यापाशी होती, त्यास ते राखता येत असे.

३

मुंबई-पुणे प्रदेशातील चित्रकथेचा पूर्वेतिहास वृत्तपत्रांतून नव्हे, तर शिळाछापाच्या रंगीत तसबिरींतून निघतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. प्लेगच्या साथीच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तो लोणावळ्यापलीकडे मळवली येथे नेण्यात आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग नेरळ, भिवपुरी रोड व कर्जत ही स्थानके मागे टाकून बोरघाट चढतो. त्याच घाटमाथ्यावर भारतीय देवदेवतांचे मुद्रित रूप पुष्कळ अंशी निश्चित झाले. लोकप्रिय चित्रमुद्रण ही केवळ मुंबई शहराची निर्मिती होय, असा समज आहे. तो अपुरा आहे. शहराचा उद्योग ज्या शक्तीवर चालला तीही या डोंगररांगेतूनच आली. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटाखाली उतरवून १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. त्याच्या आधीचे खोपोली, १९१५ सालचे, व नंतरचे भिरा, १९२७ सालचे, यांच्यासह त्याने मुंबईस वीज पुरविली. बाजारपेठ किनाऱ्यावर, छापखाना घाटमाथ्यावर आणि या दोहोंच्या मध्ये कर्जत-खालापूरचा पट्टा, असे या व्यवसायाचे भौगोलिक स्वरूप होते. पुढे चित्रकथेच्या काळातही प्रकाशक मुंबईस व चित्रकारांचा एक महत्त्वाचा गट पुण्यास, अशी विभागणी याच मार्गावर दिसून येते.

मळवलीच्या छापखान्याच्या इतिहासात श्रेय व स्वामित्व यांचा एक बोधप्रद नमुना सापडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मा यांनी तो छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकला. चित्रकाराचे १९०६ साली निधन झाले. तथापि त्याच्या नावाची मुद्रा तसबिरींवर त्यानंतरही पुष्कळ वर्षे झळकत राहिली, आणि त्यांत इतरांनी काढलेली चित्रेही होती. अमेरिकेत कलावंताचे नाव लपविले गेले. येथे एका कलावंताचे नाव हेच व्यापारचिन्ह झाले आणि त्याखाली दुसरे कलावंत लपले. परिणाम उभयत्र एकच. याच छापखान्याशी काही काळ संबंध असलेले धुंडिराज गोविंद फाळके पुढे चित्रपटाकडे वळले व १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा बोलपट-पूर्व काळातील चित्रपट काढला. स्थिर चित्रातील पुराणकथेस क्रमाने उलगडणाऱ्या चौकटी मिळाल्या त्या प्रथम पडद्यावर. कागदावर त्या अर्ध्या शतकाने आल्या.

मधल्या काळात मराठी मासिके, दिवाळी अंक व दिनदर्शिका यांनी चित्रकारास उपजीविकेचे साधन पुरविले. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केली, आणि रघुवीर मुळगावकर यांच्या देवदेवतांच्या व ऐतिहासिक पुरुषांच्या चित्रांनी मध्यमवर्गीय घरांच्या भिंती भरल्या. या दोघांच्या व्यवसायात चित्रकाराची सही हे त्याचे भांडवल होते. मुखपृष्ठावर दलालांची सही असणे हाच अंकाच्या खपाचा एक आधार होता. मराठी वाचकास चित्रकाराचे नाव पाहण्याची सवय होती, याचा हा पुरावा होय. चित्रकथेच्या व्यवसायाने ही सवय पूर्णतः मोडली नाही. पण तिचे स्थान मुखपृष्ठावरून आतील पानावर नेले.

४

‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक याने १९३६ साली वृत्तपत्रांसाठी निर्माण केलेला फँटम हा या मालेचा प्रमुख नायक. मराठी आवृत्तीत तो वेताळ या नावाने वावरू लागला. हा नामबदल साधा अनुवाद नव्हता. विक्रमादित्याच्या कथांतील वेताळाची आठवण जागविणारे ते नामांतर होते, आणि त्यामुळे परकीय पात्र स्थानिक कल्पनाविश्वात सहज बसले. फँटमचे पहिले चित्रकार रे मूर, त्यानंतर विल्सन मॅकॉय, आणि १९६१ पासून साय बॅरी. वाचकाच्या दृष्टीने मात्र वेताळ एकच होता. अमर नायकाच्या मुखवट्यामागे पिढ्यान्‌पिढ्या माणसे बदलतात, हे त्या कथेचे मूळ सूत्र. तिच्या निर्मितीच्या व्यवहारासही ते शब्दशः लागू पडते. हक्क किंग फीचर्स सिंडिकेटकडे होते आणि चित्रकार बदलत गेले.

‘इंद्रजाल’च्या प्रारंभीच्या मुखपृष्ठांसाठी मात्र येथील चित्रकार लागले. बी. गोविंद या नावाने ती रंगविणारे गोविंद ब्राह्मणिया पुढे १९७६ साली आबिद सुरती यांच्या संहितेवर ‘बहादूर’ ही भारतीय नायकाची माला रेखाटू लागले. मूळ कथा अमेरिकन व बाह्यरूप भारतीय, अशा दशकभराच्या उमेदवारीनंतर कथा व चित्र दोन्ही येथील, अशी ही वाटचाल होती. ‘इंद्रजाल’ १९९० साली बंद पडले. तत्पूर्वी त्याने चित्रचौकटी वाचण्याची सवय इंग्रजी न जाणणाऱ्या मराठी मुलांपर्यंत नेली होती, आणि पुढील प्रयोगाचा वाचकवर्ग सिद्ध केला होता.

५

‘इंद्रजाल’च्या प्रारंभीच्या जडणघडणीत सहभागी असलेले अनंत पै (१९२९-२०११) यांनी १९६७ साली इंडिया बुक हाउसच्या आश्रयाने ‘अमर चित्र कथा’ हाती घेतली. दिल्लीच्या दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या मातेचे नाव सांगता आले नाही, हा प्रसंग पै स्वतः प्रेरणा म्हणून सांगत असत. याच संस्थेच्या बंगळूर शाखेने जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने १९६५ साली कन्नड भाषेत या नावाच्या पुस्तिका काढल्या होत्या, ही गोष्टही नमूद करणे अवश्य आहे. त्या प्रारंभीच्या पुस्तिका पाश्चात्त्य परीकथांच्या होत्या. म्हणूनच ‘कृष्ण’ ही पौराणिक मालेची पहिली पुस्तिका अकराव्या क्रमांकाची ठरली. एका संपादकाचे नाव संपूर्ण उपक्रमाचे प्रतीक झाले म्हणजे त्याच्या आधीचे व सोबतचे प्रयत्न कसे झाकोळतात, याचे हे पहिले उदाहरण.

कॅरलाइन मॅक्लेन व नंदिनी चंद्रा या अभ्यासिकांनी अनुक्रमे २००९ व २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या मालेच्या वैचारिक बाजूची चिकित्सा केली आहे. निर्मितीच्या बाजूने पाहता येथील पद्धत मार्व्हलच्या नेमकी उलट होती. संहिता आधी पूर्ण होई. ग्रंथाधार पाहिले जात. संपादक तीवरून हात फिरवी. आणि मग चित्रकारास चौकटवार सूचनांसह ती मिळे. चित्रकार बहुधा स्वतंत्रपणे काम करीत. सौरेन रॉय यांच्यासारखे चित्रकार कलकत्त्यास राहून हे काम करीत. कथेची रचना चित्रकाराच्या हाती येण्यापूर्वीच ठरलेली असल्यामुळे कर्बीप्रमाणे ‘कथाही माझीच’ असा दावा करण्यास येथे जागा राहिली नाही.

तथापि एका बाबतीत ही माला अमेरिकन पद्धतीहून निश्चितच सरस होती. संहितालेखक, चित्रकार व संपादक यांची नावे पुस्तिकेत छापली जात. ‘कृष्ण’ची चित्रे राम वाईरकर यांची आहेत, ‘शिवाजी’ची संहिता भा. रा. भागवत यांची व चित्रे प्रताप मुळीक यांची आहेत, १९७९ सालच्या ‘बाबासाहेब आंबेडकर’ची संहिता एस. एस. रेगे यांची व चित्रे दिलीप कदम यांची आहेत, हे आज सांगता येते ते त्या छापील ओळींमुळे. बार्क्सप्रमाणे कोणासही रेषेवरून हुडकून काढावे लागले नाही.

श्रेय मिळाले, मग स्वामित्वाचा प्रश्न का उद्भवला नाही? येथे नायकांच्या स्वरूपाकडे वळावे लागते. सुपरमॅन १९३८ पूर्वी अस्तित्वात नव्हता; तो कोणाचा, हे विचारता येते. कृष्ण कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. भागवत पुराण, कीर्तन, दशावतार, रविवर्म्याची तसबीर व मुळगावकरांची दिनदर्शिका या सर्वांतून आलेला कृष्ण जेव्हा वाईरकरांच्या चौकटीत उतरला, तेव्हा तो नवा निर्माण झाला असे वाचकास वाटले नाही, संपादकास वाटले नाही, आणि बहुधा चित्रकारासही वाटले नसावे. शिवाजी किंवा तुकाराम यांचीही गोष्ट तीच. पात्र सर्वांचे असल्यामुळे ते पात्र रेखाटणाऱ्याने केलेली भर अदृश्य झाली. परंतु पात्र सार्वजनिक असले तरी चित्र सार्वजनिक नव्हते. त्याचे स्वामित्व होतेच, व ते प्रकाशकाकडे होते. देव सर्वांचा आणि त्याचे चित्र मात्र संस्थेचे, या व्यवस्थेत चित्रकाराचा हक्क हा विषय चर्चेत येण्याचे कारणच उरले नाही.

वस्तुतः चित्रकाराची भर थोडी नव्हती. या पुस्तिका इंग्रजी, हिंदी, मराठी व इतर अनेक भारतीय भाषांतून निघाल्या. प्रत्येक भाषेत फुग्यांतील शब्द बदलले. वाक्ये लांबली, आखडली, क्वचित त्यांचा रोखही बदलला. सर्व भाषांतून अबाधित राहिली ती रेषाच. मराठी वाचक व तमिळ वाचक यांनी एकच संहिता वाचली असे काटेकोरपणे म्हणता येणार नाही. पण त्यांनी एकच कृष्ण पाहिला, असे निश्चित म्हणता येते. एका पिढीच्या मनातील पुराणपुरुषांचे चेहरे ठरविण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांच्या कर्तृत्वास ‘चित्रे : अमुक’ एवढ्या ओळीने न्याय मिळतो काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

६

या चित्रकारांच्या व्यावसायिक जीवनाचे दोन नमुने येथे पाहण्यासारखे आहेत. राम वाईरकर (१९३६-२००३) यांचे नाव या प्रकाशनसमूहाशी अखेरपर्यंत निगडित राहिले. पौराणिक पुस्तिकांतील गंभीर, सुघटित आकृती आणि विनोदी चित्रांतील लवचिक, अतिशयोक्त रेषा या परस्परविरोधी शैली त्यांच्या हाती सारख्याच सहजतेने नांदल्या. पुत्र संजीव वाईरकर व कन्या अर्चना आंबेरकर हेही याच व्यवसायात आले. कारागिरीच्या जुन्या घराण्यांप्रमाणे विद्या घरातून पुढे गेली.

प्रताप मुळीक यांचा मार्ग निराळा. पुण्यात राहून त्यांनी ‘अमर चित्र कथा’साठी पुष्कळ काम केले, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९८० नंतरच्या दशकात अमिताभ बच्चन यांस नायक कल्पून निघालेली ‘सुप्रीमो’ ही माला त्यांनी रेखाटली. पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी ‘नागराज’ या १९८६ साली अवतरलेल्या नायकाची चित्रे त्यांनी दीर्घकाळ काढली. या नायकाच्या पहिल्या पुस्तिकेची चित्रे संजय अष्टपुत्रे यांची होती. मुळीक यांच्या हाताखाली तयार झालेले दिलीप कदम हेही राज कॉमिक्सकडे ‘भोकाल’चे चित्रकार म्हणून लोकप्रिय झाले. हिंदी भाषिक प्रदेशातील मुलांनी ज्यांस आपले महानायक मानले, त्यांतील अनेकांची रेषा मराठी चित्रकारांची होती. मराठी कलेच्या इतिहासात या गोष्टीची नोंद जवळजवळ नाही. कारण भाषा हिंदी, प्रकाशक दिल्लीचा, आणि कलाप्रकार बालवाचनाचा.

मुळीक यांच्या कामाचा क्रमही विचारार्ह आहे. प्रथम शिवाजी, म्हणजे इतिहासपुरुष. मग एका जिवंत नटाचा चेहरा. आणि अखेर प्रकाशनसंस्थेने कल्पिलेला नायक. इतिहासपुरुषावर कोणाचे स्वामित्व नव्हते. नटाचा चेहरा नटाचा होता. नागराज संस्थेचा होता. तिन्ही वेळी रेषा मुळीक यांची आणि पात्र इतर कोणाचे. २००६ साली त्यांचे निधन झाले.

संहितालेखकांची स्थिती याहून अस्पष्ट राहिली. कमला चंद्रकांत, सुब्बा राव, लुईस फर्नांडिस यांनी संपादनविभागात राहून असंख्य संहिता सिद्ध केल्या. त्यांचे शब्द मूळ इंग्रजीत लिहिले जाऊन भाषांतरित होत. त्यामुळे मराठी वाचकाच्या हाती पडे तो अनुवाद. भा. रा. भागवत यांच्यासारख्या नामवंत मराठी बालसाहित्यिकाच्या ग्रंथसूचीतही अशा पुस्तिकांस स्थान मिळाले पाहिजे, ही गोष्ट सूचिकारांनी ध्यानात घ्यावयास हवी.

७

सार्वजनिक पात्रांच्या आडोशाने झाकलेला हा प्रश्न १९८० साली ‘टिंकल’ हे मासिक निघाल्यावर रूप पालटून समोर आला. तेथे पुराणांतून न आलेली पात्रे जन्मास आली. १९८३ साली अवतरलेल्या सुप्पंडीच्या कथांचे मूळ एका तमिळ वाचकाने पाठविलेल्या लोककथांत होते. त्यास लांबट डोके, उभी शेंडी व भाबडी मुद्रा दिली ती वाईरकरांनी. ‘शिकारी शंभू’ची कल्पना लुईस फर्नांडिस यांची आणि चित्ररूप वसंत हळबे यांचे. शंभूचे डोळे सदैव टोपीखाली झाकलेले असतात, आणि ही एक रेखाटनाची खूणच त्याच्या स्वभावाचे सार सांगून जाते. अशा पात्रांत चित्रकाराचा वाटा पौराणिक पात्राप्रमाणे अदृश्य राहत नाही. हळबे यांच्यानंतर सॅव्हियो मास्करेन्हस यांनी शंभू रेखाटला व वाईरकरांच्या मागे त्यांच्या कन्येने सुप्पंडी पुढे चालविला. पात्रे संस्थेची म्हणून टिकली. २००७ साली एसीके मीडिया या संस्थेने संपूर्ण संग्रह विकत घेतला, तेव्हा तीही नव्या स्वामीकडे गेली. सुपरमॅनच्या बाबतीत १९३८ साली जे घडले त्याच जातीचा हा व्यवहार. मात्र येथे विक्री एका कलावंताकडून संस्थेस नव्हे, तर एका संस्थेकडून दुसरीस झाली, आणि तोवर ‘निर्माता कोण’ हा प्रश्न व्यवहाराबाहेर गेलेला होता.

८

या सर्व प्रकरणी कायद्याची भूमिका काय होती, हे पाहिल्यास एक अनपेक्षित भेद हाती येतो. अमेरिकेच्या १९०९ सालच्या कायद्यानुसार नोकरीत वा मोलाने केलेल्या कामाचा ‘कर्ता’ म्हणून मालकासच गणले जाई. कायद्याच्या दृष्टीने कर्बी हा कर्ताच नव्हे, असा युक्तिवाद त्यामुळे करता आला. भारताच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम स्वामित्वापुरते त्याच दिशेने जाते : विरुद्ध करार नसेल तर, मोबदला देऊन काढविलेल्या चित्राचा प्रथम स्वामी काढविणारा होय, आणि नोकरीत केलेल्या कृतीचा प्रथम स्वामी नोकरी देणारा होय. परंतु ‘कर्ता’ ही पदवी मात्र भारतीय कायदा कलावंताकडून काढून घेत नाही. सत्तावन्नाव्या कलमान्वये स्वामित्व दुसऱ्याकडे गेले तरी कर्त्यास आपले कर्तृत्व जाहीर करण्याचा हक्क उरतो. सीगल व शूस्टर यांना जे १९७५ साली लोकमताच्या दडपणाने मिळवावे लागले, ते येथील चित्रकारास तत्त्वतः आरंभापासूनच उपलब्ध होते.

मुदतीच्या बाबतीत हा भेद अधिक ठळक होतो. अमेरिकेत मोलाने केलेल्या जुन्या कृतीचे संरक्षण प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजले जाते. सुपरमॅनची पहिली पुस्तिका त्या हिशेबाने २०३३ अखेर मुक्त होते. निर्मात्यांच्या आयुष्याशी त्या गणनेचा संबंध नाही. भारतात कलाकृतीचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. म्हणजे वाईरकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांचे संरक्षण २०६३ अखेरपर्यंत व मुळीक यांच्या चित्रांचे २०६६ अखेरपर्यंत पोहोचते. स्वामित्व संस्थेचे असले तरी त्याचे आयुष्य मोजावयाचे ते चित्रकाराच्या आयुष्यावरून. जो चित्रकार आतील पानावरील एका ओळीपुरता उरला, त्याच्या मृत्यूची तारीख ही संस्थेच्या मालमत्तेची सीमारेषा आहे.

९

यावरून दोन निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, अमेरिकेतील संघर्ष व येथील शांतता यांचे कारण कलावंतांच्या स्वभावभेदात शोधू नये. तेथे पात्र नवे होते म्हणून निर्माता दिसला व त्याचा हक्क वादविषय झाला. येथे पात्र जुने होते म्हणून निर्माता दृष्टीआड झाला. पात्रे नवी होऊ लागली तोवर व्यवसायाची चौकट पक्की झाली होती.

दुसरा निष्कर्ष संशोधनपद्धतीविषयीचा आहे. या वाङ्मयाच्या सूच्या आज पुस्तिकेच्या क्रमांकानुसार वा विषयानुसार लावल्या जातात. त्या चित्रकारानुसार व संहितालेखकानुसार लावल्याशिवाय एकाही कलावंताची वाटचाल सलगपणे पाहता येणार नाही. मूळ रेखाटनांचे फलक, संहितांच्या टंकलिखित प्रती, मानधनाच्या पावत्या व संपादकीय पत्रव्यवहार ही या इतिहासाची अस्सल साधने होत. त्यांतील पुष्कळ साधने कुटुंबीयांच्या घरी असण्याचा संभव आहे. दलाल, मुळगावकर यांची पिढी केव्हाच गेली. वाईरकर व मुळीक गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले आज वृद्ध आहेत. त्यांच्या आठवणींचे पद्धतशीर संकलन मुंबई व पुणे येथील विद्यापीठांच्या आवाक्यात आहे. बार्क्सचे नाव वाचकांनी शोधले, कर्बीची पाने त्याने स्वतः मागून घेतली. येथे नावे तर छापलेलीच आहेत, ती एकत्र करून वाचावयाची आहेत.